फळ्याची पुण्यातली नक्कल

श्रीधर गुरुजींच्या अक्षराचा पांढुर्ण्याला अभिमान होता, आणि खुद्द गुरुजींना जरा जास्तच होता. बाजारातल्या चौकात जो काळा फळा होता, त्यावर त्यांनी तेवीस वर्षं गावच्या बातम्या लिहिल्या. नळ कधी येणार नाही, कोणाची मुलगी परीक्षेत पहिली आली, कोणाला पंचाहत्तर पूर्ण झाली, कोण वारलं आणि माती किती वाजता आहे. रोज सकाळी सहाला ओल्या फडक्याने कालचं पुसायचं आणि त्याच जागेवर आजचं लिहायचं. तेवीस वर्षांत एक वेलांटी चुकली नाही, असं ते कोणी विचारलं नसतानाही सांगत.

सहा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना फळा गेला. गुरुजी आठवडाभर घरात फुरंगटून बसले, जेवणावरही राग काढला. शेवटी नागपूरला कम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, केतकीने, त्यांना 'पांढुर्णा-सौसरचा फळा' नावाची वेबसाइट करून दिली. एकच पान. वर मथळा, मध्ये एक फोटो, खाली दोन ओळी. गुरुजींना टायपिंगचा कंटाळा आणि अक्षराचा मोह, म्हणून त्यांनी स्वतःची रीत काढली. घरातल्या पाटीवर माणसाचा फोटो चिकटवायचा, त्याच्याखाली खडूने वळणदार अक्षरात नाव लिहायचं आणि पाटीचाच मोबाइलने फोटो काढायचा. मथळा आणि खालच्या दोन ओळी तेवढ्या टाइप करायच्या. फोटोला नाव द्यायचं 'फळा'. दुसऱ्या दिवशी त्याच नावाने नवा फोटो चढवला की जुना आपोआप पुसला जाई. ओल्या फडक्याचं काम त्यातच भागे.

गावात कोणी तो फार पाहत नसे, कारण गावातलं गावाला आधीच कळलेलं असतं. पाहत ती बाहेर गेलेली माणसं. त्यांच्यातलीच एक दामिनी.

दामिनी म्हणजे वच्छलाबाईंची धाकटी. सौसरला एका शाळेत शिकवायची. अकरा वर्षांपूर्वी तिथल्याच एका परजातीतल्या शिक्षकाशी तिने लग्न केलं आणि थोरला भाऊ गौतम उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आजपासून तू आमच्यासाठी मेली." वडील आधीच गेलेले, त्यामुळे घरात गौतमचा शब्द शेवटचा. ती पुण्याला गेली ती गेलीच. मग तीन वर्षांपूर्वी एके दिवशी वेबसाइटच्या निरोपांच्या पेटीत गुरुजींना चार ओळी मिळाल्या: "गुरुजी, मी रोज सकाळी सव्वासातला कंपनीच्या बसमध्ये बसली की आधी फळा पाहते. आई कधीच दिसत नाही. कधी तिचा फोटो टाकता येईल का? दादाले सांगू नका. दामिनी." नंबर नाही, पत्ता नाही.

गुरुजींनी वच्छलाबाईंना ते वाचून दाखवलं. म्हातारी रडली नाही, पदर नीट केला आणि म्हणाली, "काढा मंग फोटो." तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी वच्छलाबाई फळ्यावर झळकू लागल्या. वच्छलाबाई पापड वाळवताना. वच्छलाबाई हळदीकुंकवाला. वच्छलाबाई यांच्या अंगणातील लिंबाला भरघोस लिंबं. ह्या कसल्या बातम्या, असं लोक हसत, पण गुरुजी खमके होते. पेटीत दुसऱ्या दिवशी एकच शब्द येई, "पाहिली."

परवापर्यंत दोन दिवस केतकी घरी आली होती. पुण्याच्या लोकांची तक्रार होती की फोटो कपाळापासून हनुवटीपर्यंत यायला चहा उकळून होतो.

"बाबा, आपला फळा अमेरिकेतल्या एका कम्प्युटरवर आहे," ती म्हणाली. "पुण्यातल्या माणसानं उघडला की तेवढ्या दुरून फोटो आणा लागते."

"म्हणजे चौकातला फळा पाह्याले अमेरिका फिरून या लागते?"

"हो नं. आता मी एक सर्व्हिस लावून दिली. त्यांचे गावोगाव कम्प्युटर आहेत. नागपूरले आहे, पुण्याले आहे. पुण्यात पहिल्या माणसानं फोटो उघडला की त्याची एक नक्कल ते तिथंच ठेवून घेतात. मंग बाकीच्यांले तिथूनच देतात. दिल्लीचा पेपर आपल्याले कसा स्टँडवरच भेटते, तसं. झटक्यात."

"समजलं."

"थांबा नं, अजून आहे. ते नक्कल एक दिवस—"

"अवं, समजलं नं! तीस वर्षं पोरं शिकवली मी. पोळ्या थंड होऊन राहिल्या."

नागपूरला परत जाताना बसमधून केतकीने मेसेज केला: "नवा फोटो चढवताना दर वेळी नवं नाव द्या." गुरुजींनी तो वाचला. फळ्याला का कोणी रोज नवं नाव ठेवतं? पोरी शिकल्या की त्यांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी वाढवायची सवय लागते, असं ते स्वतःशी म्हणाले आणि मेसेज तिथेच राहिला.

काल सकाळी नव्या व्यवस्थेवरचा पहिला फोटो चढला. तिगावचे संत्रा बागायतदार चिंधू गायधने यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. डोक्याला फेटा, दोन्ही हातांत संत्री, मिशीतल्या मिशीत हसू. वर मथळा 'हार्दिक अभिनंदन'.

आणि आज पहाटे साडेपाचला दारावर थाप पडली. दारात गौतम. अंगावर कालचाच शर्ट.

"गुरुजी, आई गेली. चार वाजता. पाणी मागतलं अन् मी आणेपर्यंत गेली."

गुरुजींना खरंच वाटेना. परवाच तर वच्छलाबाईंनी कोथिंबिरीच्या वाफ्यात बसून फोटो काढून घ्यायचा हट्ट धरला होता. त्यांनी गौतमला हाताला धरून आत बसवलं. मग गुरुजींच्या डोक्यात एकच गोष्ट घुमू लागली. पुणं किती लांब आहे.

"माती किती वाजता?"

"लोक अकरा म्हणून राहिले."

"चार ठेव, बावा," गुरुजी घाईने म्हणाले. "सौसरचे लोक येतीन, रामाकोन्याची तुही मावशी येईन. तिले काही गाडी भेटते का लवकर?"

गौतम वाद घालेल असं त्यांना वाटलं होतं. त्याने घातला नाही. "चार तं चार," तो म्हणाला, खिशातून आईचा फोटो काढून पुढे केला आणि खाली पाहत बोलला, "फळ्यावर लवकर टाकजा, गुरुजी." आजवर त्याने फळ्यासाठी काही दिलं नव्हतं.

तो गेल्यावर गुरुजींनी पाटी घेतली. अक्षर ढळू दिलं नाही. 'श्रीमती वच्छलाबाई'. वर टाइप केलं, 'दुःखद निधन'. खाली दोन ओळी: 'अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता राहत्या घरून निघेल.' साडेसहाला चढवलं. मनात हिशेब मांडून ठेवला होता. सव्वासातला दामिनी पाहील. दुपारचं विमान. दीडपर्यंत नागपूर, तिथून गाडी, पावणेचारला दारात. भावाने हाकललं तर आपण मध्ये उभं राहायचं. खात्रीसाठी त्यांनी केतकीला फोन लावला.

"दिसतं का?"

"दिसते, बाबा. एका झटक्यात. अरे देवा, वच्छलामावशी?"

गुरुजींना त्या दुःखातही बरं वाटलं. म्हातारीसाठी एवढं तरी आपल्या हातून झालं.

सात बावीसला फोन वाजला. दामिनीचाच, असं वाटून त्यांनी झडप घातली. पण आवाज चिंधूच्या मुलीचा, विजयमालाचा होता. तीही पुण्यातच असते. ती हुंदके देत होती.

"गुरुजी, माह्या बाबाले काय झालं?"

"तुह्या बाबाले काय होते? काल पेढे खाऊन गेला माह्या घरून."

"फळ्यावर आहे नं! दुःखद निधन! चार वाजता माती! अन् घरून मले एकाचाही फोन नाही? मी काय कोणी नाही का त्यांची?"

"पोरी, नीट पाह्य. ते वच्छलाबाई आहे."

"माह्या बापाचा चेहरा मले ओळखू येत नाही का, गुरुजी?" तिने फोन ठेवला आणि मोबाइलच्या पडद्याचा फोटो पाठवला.

गुरुजींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. फेटा. संत्री. मिशीतलं हसू. खाली त्यांच्याच हातचं, त्यांच्याच वळणाचं 'श्री. चिंधू गायधने, तिगाव'. आणि त्या हसऱ्या चेहऱ्यावर, 'दुःखद निधन'. हे आपण लिहिलेलं नाही. पण अक्षर आपलं आहे. त्यांनी स्वतःच्या फोनवर फळा उघडला, तर तिथे वच्छलाबाई शांत बसलेल्या. पांढुर्ण्यात एक मेलं होतं आणि पुण्यात दुसराच. म्हातारपणी डोकं फिरतं ते असंच फिरत असेल, असंही त्यांना एक क्षण वाटून गेलं.

त्यांनी चिंधूला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कोणी सांगावं, खरंच काही झालं असलं तर?

"बोला गुरुजी!" चिंधू बगीच्यातून ओरडला.

"चिंधू, तू बरा आहेस न?"

"मले काय झालं? संत्र्याची तोड सुरू आहे, माणसं कमी आहेत. मराले टाइम नाही इथं."

"मंग विजयमालाले फोन कर. आत्ताच्या आत्ता. अन् पयले तिले सांग, मी जिता आहो."

चिंधू खदाखदा हसला. गुरुजीही हसले, छातीवर हात ठेवून, घाम पुसत. खाटेवर टेकले. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो तसाच राहिला. विजयमाला पुण्यात आहे. दामिनीही पुण्यात आहे.

त्यांनी केतकीला दुसऱ्यांदा फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, आजच्या फोटोचं नाव काय दिलं?"

"फळा."

"अन् कालच्याचं?"

"फळाच. रोजच फळा."

तिकडे थोडा वेळ नुसती कळफलकाची टकटक ऐकू आली. "म्हणूनच तं म्हटलं होतं, नवं नाव द्या. नाव तेच असलं की पुण्याच्या कम्प्युटरले वाटते फोटोही तोच आहे. तो कालची नक्कल देत राहते, एक दिवस पुरा होईपर्यंत. वरचा मथळा टाइप केलेला, त्याची नक्कल तो ठेवत नाही, तो ताजा जाते. म्हणून आजचा मथळा अन् कालचा माणूस."

"मंग नागपूरले बरोबर कसं दिसलं?"

"नागपूरची नक्कल, तुम्हालेही तिथूनच येते, मीच काल सकाळी सहाले उघडून बनवली होती. ते आज सहाले शिळी झाली. पुण्यात काल पहिल्यांदा कोणी तरी सात एकोणीसले उघडला, म्हणून तिथं आज सात एकोणीसपर्यंत चिंधूकाका राहिले. घाबरू नका, आता पुण्यातही बरोबर दिसून राहिलं. मिटलं."

"आज सात एकोणीसच्या आधी किती लोकांनी पाह्यला? पुण्यात?"

"दोघांनी. एक सात अठराले, ते विजयमालाताई असन. एक सात सोळाले."

काल सात एकोणीसला पुण्यात पहिल्यांदा फळा कोणी उघडला असेल, हे गुरुजींना कोणी सांगायला नको होतं. काल बसला चार मिनिटं उशीर झाला असेल, एवढंच. तिने काल मागून घेतलेली नक्कलच आज तिच्या पुढ्यात आली होती.

"बाबा? आहात नं?"

"ते दिवसातून एकदाच पाहते, केतकी," गुरुजी म्हणाले. केतकीला त्यातलं काही कळलं नाही.

आपल्यासारखा गाढव दुसरा नाही. तीस वर्षं पोरांना 'पूर्ण ऐकून घ्या' म्हणून छड्या मारल्या आणि स्वतः पोटच्या पोरीचं अर्धं वाक्य ऐकलं. गुरुजी चप्पल अडकवून निघाले. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही म्हणून पायीच निघाले, आणि वाटेत तीन ठिकाणी लोकांनी थांबवून वच्छलाबाईंबद्दल विचारलं, त्यांना उत्तरं देत बसावं लागलं. गौतमच्या अंगणात पोहोचले तेव्हा आठ वाजून गेले होते.

त्यांनी गौतमला लिंबाच्या झाडाखाली बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. पेटीतल्या चार ओळी, पापड, हळदीकुंकू, सव्वासातची बस, चिंधू. मुस्काटात बसली तरी चालेल अशा तयारीने ते उभे राहिले.

गौतमने विचारलं, "म्हणजे तिले माहीत नाही?"

"नाही."

"गुरुजी, मी तं समजलो तुम्ही टाकलं म्हणजे तिले समजनच." त्याचा आवाज फाटला. "म्हणून तं चार वाजता हो म्हटलं. नाही तं सकाळीच नेली असती. आईचे ते फोटो तुम्ही कोणासाठी टाकता, मले काय कळत नव्हतं? लिंबाचे फोटो कोणी छापते का?"

तीन वर्षं ते ज्या माणसापासून लपवत होते, तोही फळ्यावरच विसंबून होता.

"मंग तिचा नंबर?"

"आहे," गौतम म्हणाला. "सौसरच्या शाळेतून घेतला होता. दोन वर्षं झाली. लावला नाही कधी. काय बोलू, असं वाटे." त्याने तिथेच उभ्या उभ्या नंबर लावला. कानाला धरला. मग फोन हातात घेऊन त्याकडे बघत राहिला. "बंद आहे."

"कंपनी कोणती? नवऱ्याचा नंबर?"

"माहीत नाही. पुण्यात आहे एवढंच माहीत."

त्यानंतरचा दिवस गुरुजींना नीट आठवतही नाही. माणसं येत होती, रडत होती. गौतम आत जाई, आईच्या पायाशी बसे, पुन्हा अंगणात येऊन फोन लावी. दहाला बंद. बाराला बंद. दीडला विमान उतरलं असेल, ते तिच्याशिवाय. चार वाजले तेव्हा तिरडी तयार होती आणि गौतम म्हणाला, थोडं थांबू. साडेचारला पुन्हा म्हणाला, थोडं थांबू. कोणासाठी, असं रामाकोन्याच्या मावशीने विचारलं. तो म्हणाला, "दामिनीसाठी." भरल्या अंगणात अकरा वर्षांनी ते नाव ऐकू आलं आणि बायकांचा आवाज एकदम थांबला. पाचला मात्र जाणती माणसं उठली. थंडीचे दिवस, उजेड जात होता. अंधार पडायच्या आत सगळं उरकायला हवं होतं. गौतमने मडकं धरलं. गुरुजी मागून चालत राहिले.

माती आटोपून, आंघोळी करून, लोक अंगणात टेकले होते. दाराशी दिवा लावला होता. सव्वासातच्या सुमाराला गौतमचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि तो जागचा हलेना. बटण कसंबसं दाबलं, कानाशी नेलं. शेवटी त्याने फोन गुरुजींच्या हातात कोंबला आणि ओल्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून खाली बसला.

"दादा! दादा, तूच केला नं फोन?" दामिनीचा आवाज आनंदाने चिरकत होता. मागे बसचा हॉर्न, बायकांची गडबड. "एकवीस वेळा! आमचा फोन सकाळी गेटवर जमा करून घेतात रे, आत्ता भेटला. मले वाटलं कोणी मजाक करून राहिलं. बोल नं, दादा."

"दामिनी, मी श्रीधर गुरुजी."

"गुरुजी! तुम्ही तिथं आहात? म्हणजे तुम्हीच समजावलं त्याले. मले माहीत होतं, एक ना एक दिवस तुम्हीच समजावाल." ती हसली आणि तिथेच तिला रडूही आलं. "सकाळी फळा पाह्यला मी. पयले नुसतं 'दुःखद निधन' दिसलं नं, तं माहे हातपाय गार पडले. मंग खाली चिंधूकाकाचा चेहरा आला. अन् गुरुजी, रागावू नका, मी बसमध्ये हात जोडले. आई नाही म्हणून. असं म्हटलं तं पाप लागते का हो?"

गुरुजींनी खाली बसलेल्या गौतमकडे पाहिलं.

"लागू द्या. आता दादा बोलला म्हणजे झालं. मी उद्याच निघते. पण पयले आईले द्या फोन. जवळच असन नं ते? द्या नं, गुरुजी."

गुरुजी फोन कानाशी धरून उभे होते. अंगणातले सगळे त्यांच्याकडे पाहत होते. पलीकडे ती वाट बघत राहिली, आणि इकडून नुसता श्वास ऐकू आला तेव्हा तिला वाटलं, फोन दिला.

"आई," ती म्हणाली. "आई, मी बोलून राहिली."